तुझा पहिल्या सेमिस्टरचा तास

शेवंती,

वाद अर्धवट टाकून उठून जायची तुझी रीत नव्हती. उठायचे ते मीच. ‘भात करपेल’ असं काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात पळायचे, तर तू मागोमाग येऊन दाराला टेकून उभी राहायचीस आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा सुरू करायचीस. यंदा मे महिन्यात मात्र तूच उठलीस. सुट्टी लागली तशी ‘चार दिवस घरी जाऊन येतो अक्का’ म्हणालीस, कुंभारवाड्याकडची बस पकडलीस, आणि तिकडेच तापात गेलीस. तुझा जन्म कुठला, शिक्षण कुठलं, कॉलेजात कधी लागलीस, हे सगळं शोकसभेत वाचून झालं. सर्वांनी उभं राहून मौन पाळलं, चहा झाला, लोक घरी गेले. त्यातलं काही मला इथे पुन्हा लिहायचं नाही. मला आपला वाद पुरा करायचाय आणि समोर कोणी नाही.

तू आलीस तेव्हा रामनगरच्या आपल्या कॉलेजात बीसीएचा कोर्स नुकता कुठे सुरू होत होता. मी गणित शिकवून शिकवून केस पिकवायला घेतलेली. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची मोकळी होती म्हणून तू तिथे बसलीस, आणि गावात तुला राहायला जागा नव्हती म्हणून आमच्या घराच्या मागच्या खोलीत आलीस. आठवडा झाला नाही तोच सगळ्यांसमोर मला ‘अक्का’ म्हणून हाक मारलीस. मी डोळे वटारले.

"कॉलेजात मॅडम म्हणायचं."

"मॅडम म्हटलं की तुमचं ऐकून घ्यावं लागतंय," तू म्हणालीस. "अक्काशी कसं, भांडता येतंय."

आणि भांडलीस. मनापासून भांडलीस. माझ्या सख्ख्या बहिणी दोन्ही दूर, त्यांच्याशी फोनवर तब्येतीच्या चौकशीपलीकडे बोलणं जात नाही. माझ्याशी हक्काने भांडणारं माणूस घरात आलं म्हणून मी आतून किती सुखावले होते, हे तुला कळलं होतं का? कळलं असणार. तुझ्या नजरेतून असलं काही सुटत नसे.

आपला मोठा वाद एकच. पहिल्या सेमिस्टरला आलेल्या पोरांना आधी कागद द्यायचा की कॉम्प्युटर? माझं म्हणणं, महिनाभर कागद. पायऱ्या लिहा, आकृती काढा, डोक्यात गणित पक्कं बसलं की मग यंत्राकडे जा. तुझं म्हणणं, पहिल्या दिवशी, पहिल्याच तासाला यंत्राला बोट लागलं पाहिजे. चुकू दे, अडू दे, पण लागू दे. मी म्हणायचे, हा काय पाटावर बसल्याबसल्या घास भरवायचा प्रकार? तू म्हणायचीस, भूक लागलेल्याला आधी स्वयंपाकाची कृती वाचून दाखवायची काय?

एकदा मी फारच ताणून धरलं तेव्हा तू तुझ्या हायस्कुलातली गोष्ट सांगितलीस. मी चहा गाळत होते, गाळायची थांबले.

"आमच्या हायस्कुलात एक कॉम्प्युटर होता अक्का. त्येच्यावर भरतकामाचं कापड. खंडेनवमी आली की कापड काढायचं, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, परत कापड. दरवर्षी पाया पडलो. पर एक दिवस चालू झालेला बघितला न्हाई. दहावी झाल्यावर सरांनला विचारलं, सर, एकदा हात लावू काय? तर म्हणले, बिघडंल."

आणि वर म्हणालीस, "बिघडायला तरी कुठं चालू होता?"

त्या दिवशी मी वाद सोडला नाही, पण आवाज खाली आणला. आणि आपल्या कॉलेजातल्या खंडेनवमीला तू जो नियम घातलास त्यामागचं कारण मला तेव्हा समजलं. बंद यंत्राची पूजा करायची नाही. सगळे कॉम्प्युटर चालू, प्रत्येकावर पोरांनी लिहिलेला काहीतरी प्रोग्रॅम पळतोय, आणि मग झेंडूची माळ. पहिल्या वर्षी कुणीतरी भक्तिभावानं कीबोर्डाच्या बटणाबटणाला कुंकू लावलं. नंतर कितीतरी दिवस लॅबमधून बाहेर पडणाऱ्या पोरांची बोटं लाल आणि दोनतीन बटणं दाबली की वर येईनात. तू ब्रश घेऊन साफ करत बसली होतीस आणि पोरांना म्हणत होतीस, "देवाला कुंकू पुरं झालं, आता मला पुसायला लागतंय बघा."

तुझ्या वर्गाची खूण म्हणजे ते ‘ठेवलं’. आपल्या भागात लाईनवर झाड पडायला वादळ लागत नाही. वीज कधीही जाते, आणि लॅबच्या बॅटरीत दम नाही. तेव्हा तू पोरांना सवय लावलीस: एक ओळ लिहिली की सेव्ह करायचं आणि तोंडानं म्हणायचं, ‘ठेवलं.’ तोंडानं म्हटलं की हात विसरत नाही, हे तुझं शास्त्र. मग लॅबच्या बाजूनं गेलं की आतून नुसतं ठेवलं, ठेवलं, ठेवलं चालू. नव्या माणसाला वाटावं आत भांड्यांचं दुकान आवरताहेत.

प्रॅक्टिकलला बाहेरून आलेले ते परीक्षक आठवतात? पोरं आपली लिहिताहेत आणि पुटपुटताहेत. परीक्षकांना वाटलं, ही कॉपीची खुणेची भाषा. त्यांनी परीक्षा थांबवली, तुला बोलावून घेतलं, आवाज चढवला. तू शांतपणे समजावून सांगत होतीस, पण त्यांना ते पटेना. आणि तेवढ्यात वीज गेली. परत आली तेव्हा पोरांचं सगळं जागच्या जागी. परीक्षकांनी मात्र लॅबच्याच एका मशीनवर गुण भरत आणले होते, ते गेले. त्यांनी मान खाली घालून पहिल्यापासून भरायला घेतले, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "सर, ठेवा." तू त्या पोराला बाहेर काढलंस, आणि घरी आल्यावर मला सांगताना हसून हसून तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तुझं हसणं तसंच, आवाज न करता, खांदे हलवत. ते मला फार आठवतं. दिवसातून कितीदा आठवतं ते सांगत नाही, तू हिशेबाला बसशील.

तुझा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत. माझ्या इंटिग्रेशनमध्ये तुझा लूप शिरायचा. मी फळ्यावर लिहीत असायचे आणि पलीकडून तुझं अर्धं वाक्य यायचं, "...म्हणून तो तिथंच फिरत राहिला, कुणी थांब म्हटलं न्हाई त्येला." वर्ग हसायचा. माझाही वर्ग हसायचा, कारण माझ्या वर्गाचं लक्ष तिकडेच. मी भिंतीवर डस्टर आपटायचे. तू दोन मिनिटं हळू बोलायचीस, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. "एकदा या की अक्का, बसा माझ्या वर्गात. पुरी गोष्ट तरी ऐकाल," तू म्हणायचीस. मी म्हणायचे, आधी तू माझ्या वर्गात बस. तुझा तास असला की माझाही तास, कसं जमणार? दोघींनाही वाटलं, पुढे कधीतरी जमेल. आता पलीकडे शांत आहे, मला हवं तसं. त्या शांततेत मला गणित शिकवता येत नाही, शेवंती. मध्येच थांबते. पोरं बघत राहतात.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तुला बेंगळुरूहून नोकरीचं बोलावणं आलं होतं ते दिवस. तू फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात आलीस. "अक्का, जाऊ काय?" मी लगेच म्हटलं, "जा." तोंडातून दुसरं काही निघू नये म्हणून इतक्या घाईनं म्हटलं, की तू चमकून बघितलंस. मी वळून भाजी चिरायला घेतली. तुझ्या वयाच्या, तुझ्या हुशारीच्या मुलीला ‘थांब’ म्हणायचा मला काय अधिकार? पण त्या रात्री मी देवाला जे मागितलं ते तुझ्या भल्याचं नव्हतं, माझ्या भल्याचं होतं. दोन दिवसांनी तू सहज सांगितल्यासारखं सांगितलंस, "न्हाई म्हणून कळवलं. पहिली ब्याच तिसऱ्या वर्षाला हाय, मध्येच कुठं टाकून जाऊ?" मी ‘बरं’ म्हटलं आणि मागच्या दारी जाऊन उगाचच तुळशीला पाणी घातलं. तेव्हा मला इतका आनंद झाला होता की तो तुला दाखवायची लाज वाटली. आता सांगते. खूप आनंद झाला होता. तू थांबलीस म्हणून माझी ही वर्षं भरून गेली.

तू गेल्यावर जूनमध्ये संस्थेची मीटिंग झाली. कोणी वाईट बोललं नाही. तुझ्या नावानं सगळेच हळहळले. मग मुद्द्यावर आले. बेळगावहून येणारे सर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विषय सांभाळायला तयार आहेत. पहिल्या सेमिस्टरच्या सी प्रोग्रॅमिंगला माणूस नाही. जाहिरात दिली, इकडे जंगलात यायला कोणी राजी नाही. तेव्हा यंदा बीसीएच्या पहिल्या वर्षाला प्रवेश देऊ नयेत, पुढच्या वर्षी बघू. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणजे काय ते त्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. आहेत ती पोरं बाहेर पडली की लॅबला कुलूप. मी त्या दिवशी गप्प बसले. काय बोलणार? मला लूप म्हणजे काय ते भिंतीपलीकडून ऐकून माहीत. निर्णय पुढच्या मीटिंगला पक्का करायचं ठरलं.

आणि त्या दोन मीटिंगांच्या मध्ये तुझी आई आली. धाकट्या नंदाला घेऊन, पहाटे निघून, बस बदलत. येताना पिशवीत कंद घेऊन आली होती, तू आणायचीस तसेच, माती न झाडलेले. तुझ्या खोलीत दोघी थोडा वेळ बसल्या. मी मध्ये गेले नाही. मग बाहेर येऊन आई ओसरीवर टेकली.

"मॅडम, हिला घेऊन आलोय. बारावी झाली. शेवंतीनं सांगून ठेवलं हुतं, नंदाला कॉम्प्युटरला घालायचं."

मी म्हटलं, "बेळगावला चांगली कॉलेजं आहेत. हॉस्टेल..."

"न्हाई." आईनं मान हलवली. "एक गेली. दुसरीला लांब टाकायचं काळीज न्हाई आता आमचं. हितं घेतलं तर घ्या. न्हाईतर घरात ऱ्हाईल, शेत हाय, गुरं हाईत."

नंदा खाली बघून पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची रेघ घासत होती. तुझ्यासारखी दिसत नाही ती. रंग वेगळा, चण वेगळी. पण गप्प बसण्यातली तिची ती हट्टी तऱ्हा अगदी तुझी. मला आतून कोणीतरी ढकललं म्हण.

"घेतो की," मी म्हटलं. "इथंच घेतो."

शब्द दिला खरा, आता तो पाळायचा कसा? दुसऱ्या मीटिंगला मी उठून म्हटलं, पहिल्या सेमिस्टरचं सी मी शिकवते. माणूस मिळेपर्यंत मी शिकवते, प्रवेश थांबवू नका. प्रिन्सिपॉल सरांनी चष्मा काढला.

"मॅडम, तुम्हाला ते येतं?"

"वर्ग सुरू होईपर्यंत येईल," मी म्हटलं. गणिताच्या मास्तरणीचा जोर होता तो, दुसरं काही नव्हतं. शेवटी सर म्हणाले, हे एक सेमिस्टर करून बघू, जमलं नाही तर जानेवारीत बंद. मी ‘हो’ म्हणून बसले.

मला शिकवलं कोणी, सांगू? तुझ्या रेणुकानं. तिसऱ्या वर्षाची, ती गॅरेजवाल्यांची. संध्याकाळी कॉलेज सुटलं की लॅबमध्ये मी विद्यार्थिनी आणि ती मास्तरीण. पुस्तकं मी वाचून काढली होती, पण पुस्तकातलं बोटांत उतरेना. माझी पहिली ओळच अडली. रेणुका मागे उभी. म्हणाली, "वाक्य संपलं की टिंब द्यायला शाळेत शिकवलं न्हाई व्हय? हितं टिंबाच्या जागी सेमीकोलन." आणि जीभ चावून, "सॉरी मॅडम. शेवंती मॅडम असंच म्हणायच्या."

मी म्हटलं, असंच म्हण. एक शब्द बदलू नकोस.

मग ती तसंच शिकवायला लागली. तुझ्या बोलण्यासकट, तुझ्या टोमण्यांसकट. डबे लावून ठेवायचे, डब्याला चिठ्ठी पाहिजे, नाहीतर मिठाच्या जागी साखर पडते, हे तुझं व्हेरिएबल. आणि एका संध्याकाळी ती लूपवर आली. बसचा कंडक्टर प्रत्येक सीटपाशी जातो, तिकीट विचारतो, पुढे सरकतो. शेवटची सीट कुठली ते त्याला सांगितलंच नाही, "म्हणून तो तिथंच फिरत राहिला, कुणी थांब म्हटलं न्हाई त्येला." शेवंती, इतकी वर्षं मी ते वाक्य भिंतीपलीकडून अर्धं ऐकत होते. त्याच्या आधी कंडक्टर आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मला हसू आलं, आणि हसता हसता मी रडायला लागले. तुझ्या शोकसभेत रडले नव्हते, तुझ्या आईसमोर रडले नव्हते, तिथे त्या पोरीपुढे कीबोर्डावर हात ठेवून रडले.

रेणुका घाबरली. तिनं स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"रडू नका मॅडम," म्हणाली. "एरर सगळ्यांनाच येतंय."

तू मला शिकवायचं म्हणत होतीस, शिकवलंस. फक्त समोर बसून शिकवायला हवं होतंस. मी शंका विचारायला हव्या होत्या, तू वैतागायला हवं होतंस, आणि घरी येताना वाटेत मी म्हणायला हवं होतं की तुझी कंडक्टरची गोष्ट चांगली आहे, पण आधी ती कागदावर मांड. एवढं साधं मागणं आहे माझं. दुसरं काही नको, एक संध्याकाळ तेवढी.

काल पहिला तास झाला. वर्ग भरलेला, मागच्या बाकावर दाटीनं बसलेली पोरं, आणि वीज नाही. तेव्हा मी खडू घेतला आणि फळ्यावरच सुरू केलं. वाद मी जिंकला असं समजू नकोस. मलाच त्यात गोडी वाटली नाही. अर्ध्या तासानं वीज आली तशी मी सगळ्यांना उठवून यंत्रांपाशी नेलं आणि फळ्यावरचा प्रोग्रॅम उतरवायला सांगितला. उतरवला, चालवला, आणि एका रांगेत सगळ्या स्क्रीनवर चूक. प्रत्येकाची तीच चूक. म्हणजे फळ्यावर माझीच. मी इकडे शोधलं, तिकडे शोधलं. कान तापले. पोरं इतकी शहाणी, एकानं आवाज केला नाही, त्यानं मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. सापडली, शेवटी सापडली, एक कंस मी बंदच केला नव्हता. पण सापडली तेव्हा घंटा होत होती. एकाचाही प्रोग्रॅम चालला नाही. तुझ्या वर्गातून पहिल्या दिवशी असं एकही पोर हात हलवत बाहेर गेलं नसतं.

सगळे गेले. मी फळा पुसत राहिले. नंदा खिडकीजवळच्या यंत्रापाशी उभी होती, दप्तर छातीशी धरून. तिनं तुला शिकवताना कधी बघितलं नव्हतं. आणि खरं बघता मीही नाही.

"मॅडम," तिनं विचारलं, "ताई बी असंच शिकवायची?"

खोटं सांगता आलं असतं. पोरीला बरं वाटलं असतं, मलाही.

"न्हाई गं," मी म्हटलं. "ती लई चांगलं शिकवायची."

तिनं दप्तर खांद्याला लावलं.

"असू दे की मॅडम," ती म्हणाली. "उद्या बी तास हाय न्हवं?"

"हाय," मी म्हटलं. "उद्या हाय. परवा बी हाय."